बोट ठेवून वाचलेला कागद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाचता येतं, पण शब्दाखाली बोट ठेवावं लागतं आणि ओठ हलतात. त्याची लाज वाटायची, म्हणून चारचौघांत "चष्मा घरी राहिला" असं सांगून मी न वाचताच सही करायचे.

कांदिवलीच्या आमच्या चाळीत मी साड्यांना फॉल लावते. मध्यंतरी देशातल्या एका बड्या नेत्याची बायको टीव्हीवर दिसली, शाळेत मुलांना गोष्ट वाचून दाखवताना. आठवड्याभरात तिच्यासारख्या रुंद लाल काठाच्या साड्या माझ्याकडे यायला लागल्या. सगळ्यांनी काठ पाहिला. मी तिचं बोट पाहिलं. माझ्यासारखीच बोट ठेवून वाचत होती. एका शब्दाला अडली, मागे आली, पुन्हा वाचला. समोर एवढे कॅमेरे, तरी बोट काही उचललं नाही.

गेल्या महिन्यात चाळ पाडून टॉवर बांधायच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायला मीटिंग होती. "आहे त्याच जागेवर नवीन घर," सेक्रेटरी म्हणाले. कागद फिरत माझ्याकडे आला. नवऱ्यामागे मला ही खोलीच काय ती उरलीय.

"काकू, करा ना सही. सगळ्यांनी केली."

"वाचते आधी."

"आज चष्मा आणलात वाटतं!" शेजारीण म्हणाली आणि सगळे हसले.

मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने सुरुवात केली.

"काकू, शाळा भरलीय काय इथे? पाच पानं आहेत!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मग पाचही वाचणार. घाई असेल त्याने जावं."

हे मीच बोलले. बोट ओळीवरच होतं.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, नवीन घर याच जागेवर किंवा बिल्डर ठरवेल त्या अन्य ठिकाणी. मी थांबले.

"अन्य ठिकाणी म्हणजे? उद्या देवनारला कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला पाठवाल?"

"अहो काकू, ते असंच लिहितात. फॉर्मॅलिटी," सेक्रेटरी म्हणाले.

"मग खोडा. खोडलंत की करते सही."

आता कोणी हसलं नाही. शेजारणीने खुर्ची जवळ ओढली. अंगावर तीच लाल काठाची साडी, फॉल मीच लावलेला. "काकू, माझी सही झालीय हो. ती ओळ परत वाचा. हळू."

मी परत वाचली.

संमतीपत्र अजून सेक्रेटरींकडेच आहे, ती ओळ तशीच, म्हणून माझ्या सहीची जागाही कोरी. हे लिहितानाही माझे ओठ हलतायत. हलू देत.