निम्म्या पानांचं लिंबू

इंदिरानगरात रस्त्याकडेला रोपं विकणाऱ्या एका बाईकडून मी दुकानापुढं लावायला लिंबाचं झाड घेतलं. तिनं ते मातीतून काढलं आणि लगेच कात्रीनं निम्मी पानं छाटली.

"मावशी, अर्धं झाड देता, तर भावही अर्धा लावा!" मी भडकलो. आधी एका नर्सरीवाल्यानं गळ्यात मारलेलं भरगच्च झाड आठवड्यात वाळलं होतं. तो राग अजून होताच.

कात्री न थांबवता ती म्हणाली, "काढताना मुळं तुटत्यात, शेठ. ती पाणी कमी ओढणार, अन् पानं ते दिवसभर हवेत उडवणार. हिरवं मढं मी विकत नाय. पटत नसंल तर राहू द्या."

भाव पाडूनच मी मोठा झालो. तिला मात्र सांगितले तेवढे पैसे दिले. झाड जगलं. धंद्यातली ही एकच हार मी अभिमानानं सांगतो.