सांगणाऱ्याचं घर

सोनवणे सरांना कोणी चहाला बोलावलं, तर ते आधी विचारत, "काम काय हाय?" भवानीनगरला ते इतिहास शिकवत. चष्मा कपाळावर चढवून असं रोखून बघत, की आपण काही चोरलंय की काय, असं आपल्यालाच वाटू लागे.

नव्वदच्या दशकात आम्हा शिक्षकांना एकेक विषय धरून इतिहासाचे पाठ तयार करायला सांगितलं होतं. 'पाणी' आमच्या दोघांच्या वाट्याला आलं. बारव आणि कालवा सरांकडे, गावच्या विहिरी माझ्याकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही बारामतीत बसत असू. आमचं गाव अंथुर्ण्याच्या पलीकडं. मी लिहून नेलं, 'आमच्या गावची विहीर सगळ्यांची होती.'

"कुणी सांगितलं?"

"सासऱ्यांनी. आबांनी."

"आबांचं घर कुठं हाय?"

"विहिरीसमोर."

"बघा! सांगणाऱ्याचं घर कुठं हाय, ते आधी बघायचं, बाई. मीच येतो इचारायला."

हा माणूस म्हाताऱ्याला त्याच्याच घरात खाली बघायला लावणार, याबद्दल मला शंका उरली नाही. ते जातील निघून. नांदायचं मला होतं.

रविवारी ते आले. चहाचा कप हातात धरून बसले, प्यायले मात्र नाहीत.

"आबा, विहिरीचं पाणी समद्यांना मिळायचं?"

"व्हय. कुणाला न्हाय म्हटलं न्हाय."

"काढायचं कोण?"

मी दारातच उभी होते.

"आमी काढायचो," आबा म्हणाले. "तुमची माणसं खाली घागरी घिऊन उभी ऱ्हायची. वरनं ओतायचो. आमी कामात असलो, तर थांबायची."

"माझी आई ह्याच गावची," सर म्हणाले. "ती बी थांबायची."

म्हणजे उत्तर यांना आधीच ठाऊक होतं! सापळाच लावला होता की. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांनी मात्र एवढंच विचारलं, "मग मला कशाला इचारलं, मास्तर?"

"मी सांगितलं तर लोक माझं घर बघत्यात, आबा."

आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "लिव्ह, सूनबाई. माज्या नावानं लिव्ह."

सरांनी गार झालेला चहा पिऊन टाकला.

पाठ वाचून दाखवायच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी मला बाजूला घेतलं. "बाई, ते विहिरीचं गाळा. कशाला उगाच वाद?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सरांनी ते ऐकलं होतं. आता ते पुढच्याच बाकावर बसून ओळीओळीवर बोट ठेवणार, हे मी धरून चालले. पण ते शेवटच्या बाकावर गेले आणि डोळे मिटून बसले. मी सगळं वाचलं, आबांच्या नावासकट.

सर गेले तेव्हा शोकसभेत जो तो त्यांच्या संशयी स्वभावाबद्दल बोलला, प्रेमानंच. मला मात्र सारखा पाठ वाचला त्या संध्याकाळचा एसटी स्टँड आठवत होता. गाडीची वाट बघता बघता मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही कागदसुद्धा हातात घेतला नाहीत. मी गाळलं असतं तर?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुमचं घर बघून आलोय की मी, बाई."