मोजेवाल्या कोंबड्यांचं कुंपण

तिला सगळे कंडक्टरबाई म्हणूनच ओळखत. सव्वीस वर्षं बसमध्ये उभी राहून तिचे गुडघे कामातून गेले. निवृत्तीनंतर जरा टेकावं म्हटलं, तर चारच महिन्यांत नवऱ्याची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून तिचा दिवस नवऱ्याच्या खाटेपाशी नाहीतर घरामागच्या खुराड्यापाशी संपायचा.

खुराड्यात अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. राखाडी रंग, त्यावर काळे ठिपके आणि पायांवर पार बोटांपर्यंत पिसं, मोजे घातल्यासारखी. म्हणून घरात त्यांना मोजेवाल्या म्हणत. हा जुना वाण सासूबाईंनी जपलेला. बाकी सगळ्यांनी कधीच मशीनवर उबवलेल्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. मोजेवाल्या अंडी कमी देत, तीही लहान, पण स्वतः अंड्यांवर बसत आणि पिल्लं स्वतः वाढवत. "हा वाण बुडू देऊ नकोस," सासूबाई जाताना म्हणाल्या होत्या. "मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसले हो म्हणून," असं ती शेजारणीला सांगायची. संध्याकाळी कोंबड्या दारात अडून बसल्या की तिच्या तोंडून आपसूक निघायचं, "चला, आत सरका, दार सोडा!"

एका दुपारी नवऱ्याला व्यायामासाठी दवाखान्यात नेऊन ती परत आली, तर मागच्या अंगणात पिसंच पिसं. भटक्या कुत्र्यांनी कुंपणाखालून माती उकरली होती. सात कोंबड्या आणि कोंबडा मेले होते. उरलेल्या चौघी खुराड्याच्या छपरावर चढून गप्प बसल्या होत्या.

ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. रडायलाही अंगात जोर लागतो. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "सुटलात म्हणा एकदाच्या. राहिलेल्या चार देऊन टाका कुणाला तरी."

खरं सांगायचं तर क्षणभर तिला हायसं वाटलं होतं. शेजारणीने ते बोलून दाखवलं तेव्हा मात्र तिला स्वतःची लाज वाटली. ती उठली आणि खड्डा खणायला लागली.

जेवताना नवरा अडखळत म्हणाला, "माझंच चुकलं. जाळी जमिनीवर टेकवली. पुरायला हवी होती." मग उजव्या हाताने त्याने वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढलं. जाळी वीतभर खाली पुरायची आणि तिथून बाहेरच्या बाजूला हातभर मुडपायची. कुत्रं कुंपणाच्या बुडाशीच उकरतं, त्याचे पंजे जाळीवर अडकले की नाद सोडतं.

"आणि खणणार कोण?" तिने विचारलं. त्याने वर्तमानपत्र बाजूला सारलं. तिलाही बोलल्याचं वाईट वाटलं.

पण कुंपण नंतरचं. कोंबड्याशिवाय अंडी फोलच. आणि मोजेवाला कोंबडा आता एकाच घरी असण्याची शक्यता होती, धाकट्या जावेकडे. सासूबाईंनी तिला कधीकाळी चार पिल्लं दिली होती. सहा वर्षं दोघींमधून विस्तव जात नव्हता. सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा ही धाकटी एकदा येऊन गेली ती पुन्हा फिरकली नाही. थोरलीने ते मनात धरलं होतं.

तरी ती गेली. जावेने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आधी पाणी आणलं.

"कुत्र्यांनी कोंबडा मारला," कंडक्टरबाई म्हणाली. "तुझ्याकडे आहे का? वाण मिसळलेला नको."

"आहेत दोन. मिसळू दिले नाहीत मी. तुम्हाला वाटलं असेल, हिने कधीच कापून खाल्ले."

"वाटलं होतं."

"आणि सासूबाईंच्या वेळीही वाटलं, हिला यायचंच नाही. मी डबा घेऊन आले होते, वहिनी. तुम्ही दार अर्धंच उघडलंत आणि म्हणालात, आमचं आम्ही बघतो."

कंडक्टरबाईला ते आठवेना. आठवेना म्हणून ते खोटं आहे असंही तिला म्हणवेना. त्या दिवसांत ती किती दमलेली असायची, ते मात्र नीट आठवत होतं.

"म्हणाले असेन," ती म्हणाली.

कोंबडा टोपलीत बांधून देताना जावेने विचारलं, "कुंपण कोण करणार?"

"मीच. ह्यांनी चित्र काढून दिलंय."

रविवारी जाऊ पहार घेऊन हजर झाली. चर खणायला दोघींना तीन दिवस लागले. एक खणायची, दुसरी घमेल्याने माती उपसायची, मग दोघी टेकायच्या. नवरा खुर्चीत बसून एका हाताने हुकूम सोडायचा. "अजून खाली. मुडप बाहेर, आत नाही!" जाऊ म्हणाली, "भावोजी, तोंडाला काही झालं नाही तुमच्या." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. जाळी ताणताना कंडक्टरबाईचा तळहात तारेने फाटला. चिंधी बांधून तिने पुढचा खांब ठोकला.

नवा कोंबडा भांडकुदळ निघाला. दाणे टाकायला गेलं की पोटऱ्यांना टोचायचा. पण महिन्याभराने एक कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली नऊ अंडी ठेवली, पाच फुटली, एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी गेलं. चार जगली. कुंपणाबाहेर पंजांनी उकरल्याच्या खुणा दोनदा दिसल्या. दोन्ही वेळा कुत्री जाळीपर्यंत येऊन माघारी गेली होती.

कंडक्टरबाईचं काम काही हलकं झालं नाही, चार तोंडं वाढलीच. पण दर गुरुवारी दुपारी जाऊ येऊन भावोजींपाशी बसू लागली, आणि "वहिनी, तुम्ही आडव्या व्हा जरा," म्हणू लागली. पहिल्या खेपेला कंडक्टरबाई नको नको म्हणत भिंतीला पाठ लावून बसली, आणि बसल्या जागीच तिला झोप लागली.