बगळ्याच्या गुडघ्याइतकं पाणी

खाडीच्या मधोमध, जिथून आमची लाँच जायची नेमका तिथेच, एक बगळा उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्याइतकंच होतं. मी धक्क्यावर भरतीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी लाँच चालवणारे तांडेल इब्राहिमचाचा बिडी ओढत होते.

"गाळ काढायच्या पैशांचं काय झालं, चाचा?"

"नामंजूर. साहेब परवा पाहणी करून गेले ना, मास्तर."

"त्यांना हा गाळ दिसला नाही?"

"दिसणार कसा? रस्त्याने लांब पडतं म्हणून ते आमच्याच लाँचने येतात, आणि लाँच फक्त भरतीला लागते. बांबू टाकून बघितला, पाणी भरपूर. चहा घेतला, पाणी उतरायच्या आत गेले. दर वर्षी असंच."

चाचांच्या आवाजात रागही उरला नव्हता. मला आई आठवली. एरवी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, पण डॉक्टर आले की उशीला टेकून बसायची, केस सारखे करायची आणि "बरी आहे" म्हणायची. डॉक्टरही तेच औषध चालू ठेवून जायचे. खाडीचंही तसंच. तिची ओहोटी फक्त घरच्यांच्या वाट्याला.

"पुढच्या वर्षी साहेबांना थांबवून घ्या," मी म्हटलं.

चाचांनी बिडी विझवली. "पुढच्या वर्षी भरतीलाही लाँच लागेलसं वाटत नाही. मग साहेब तरी कशाने येणार?"

मी समोर पाहिलं. बगळा चालत चालत पलीकडच्या काठाला पोचला होता.