मुरमाच्या टेकाडावरची राहुटी

द्वारकाबाई गेल्याचा निरोप मला अंबडला मिळाला, तोही बसच्या कंडक्टरकडून. जालन्याच्या आमच्या जुन्या शाळेतल्या शिपायाने त्याच्याजवळ सांगून पाठवलं होतं, की बाई सकाळी पूजा आटोपून उठता उठता गेल्या. मी तेव्हा वर्गात अपूर्णांक शिकवत होते. निरोप ऐकला, हातातलं उदाहरण पुरं केलं, मुलींना पुढचं सोडवायला सांगितलं आणि स्टँडवर जाऊन बसले. जालन्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला चटकन रडू येत नाही, त्या दिवशीही आलं नाही. वाईट मात्र फार वाटलं, आणि आता काही आठवडे उलटून गेले तरी ते कमी झालेलं नाही. बाईंविषयी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं. त्यांची शिस्त, त्यांचं पाठांतर, त्यांनी उभी केलेली मुलींची शाळा यांबद्दल इतर लोक लिहितील आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मला लिहायचंय ते तंबूंबद्दल.

पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. अनेकांना वाटतं की मुलींची शाळा चालवणारी बाई म्हणजे सुधारक असणार. आमच्या बाई बिलकुल तशा नव्हत्या. लहानपणी विधवा झालेल्या, औरंगाबादला भावाकडे राहून शिकलेल्या, आणि सोवळ्याओवळ्यात माझ्या आजीलाही मागे टाकतील अशा. महिन्यातले ते दिवस आले, की त्या शाळेत यायच्या, शिकवायच्या. पण हजेरीपट कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, टेबलावर ठेवायच्या आणि मागे सरकायच्या. कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीवर बसायच्या. मी तेव्हा त्याच शाळेत गणित शिकवायचे. एकदा चहा पुढे केला तर म्हणाल्या, "विमल, तुला चालत असंल. मला न्हाई चालत." त्यात राग नव्हता, उपदेशही नव्हता. मी मुकाट्याने दोन्ही कप पिऊन टाकले.

हैदराबाद स्टेट मोडण्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गाईडच्या मुलींची रानात मुक्कामी छावणी घ्यावी, असं वरून आलं. आमच्याकडे मुली शाळेत येतात हेच पुष्कळ होतं, आणि आता त्यांना रानात झोपायला न्यायचं... बाई घरोघर हिंडल्या. मी बरोबर असायचे. बहुतेक आयांना एकच काळजी होती, आणि ती त्या बाईंच्या कानात सांगायच्या: छावणीत एखादीला अडचण आली तर ती बसणार कुठं? कमलाच्या घरी हे कानात सांगितलं नाही, चक्क ओसरीवर विचारलं. कमला आमची सर्वांत हुशार मुलगी. गणितात तर मलाच घाम फोडायची. घर मारवाडी, कापडाचं मोठं दुकान, आणि घरात शब्द चालायचा तो तिच्या दादीचा. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी येऊन इथलेच झालेले लोक, पण दादी बोलायची ती अर्धं त्यांचं, अर्धं आपलं.

"छोरीला पाठवते," दादी म्हणाली. "पर न्यारी राहुटी पायजे. बाकीच्या छोऱ्या तिथं जाणार न्हाई, शिवणार न्हाई. बोलो, बाई."

"वेगळी राहुटी राहील. माझा शब्द," बाई म्हणाल्या.

"आन् शब्द तुटला तर शाळा बंद. मंग कमला घरीच."

बाईंनी मान हलवली. हा शब्द त्यांनी दादीला खूष करायला दिला नव्हता. त्यांना स्वतःलाच ते बरोबर वाटत होतं.

तंबू आणायचे कासमभाईकडून. लग्नाचे मांडव आणि अंमलदारांच्या दौऱ्याचे डेरे तेच पुरवायचे. त्यांच्या गुदामात ओलसर कापडाचा असा वास असे, की माझं डोकं दुखायला लागलं. बाई मात्र भाजी निवडावी तशा तंबू निवडत बसल्या. ऐन दुपारी एकेक तंबू अंगणात उभा करायला लावायचा, आत जायचं, दाराचा पडदा खाली सोडायचा आणि वर बघत उभं राहायचं. कुठं सुई टोचल्याएवढा उजेड दिसला, की तो तंबू बाद. शिवणी बोटांनी ओढून बघायच्या, कापडाचा वास घ्यायच्या. बुरशी आली असेल तर ते ताणाखाली फाटतं म्हणे. कासमभाई सुपारी कातरत बघत होते. म्हणाले, "बाई, बेटी की शादी में भी इतना नहीं देखते लोग." बाई म्हणाल्या, "शादीत लोक जेवून घरी जातात, भाई. इथं लेकरं झोपणार हायेत." शेवटी दोन मोठे तंबू आणि एक लहान राहुटी अशी निवड झाली. राहुटी बुटकी, मळकट, आत ताठ उभं राहता येईना, पण कापड घट्ट.

मग शाळेच्या पटांगणात तालीम. बाईंनी तंबू उभे करून त्यांवर घागरी ओतायला लावल्या, कारण कापड एकदा भिजून वाळलं की त्याचा धागा फुगतो आणि पाणी आत येत नाही. येणारे जाणारे थांबून बघायचे, त्यांना वाटलं बाईंना उन्हाचा त्रास झाला. मुलींना त्यांनी दोन गोष्टी घोकून घोकून शिकवल्या. पावसाची चिन्हं दिसली, की आधी दोर सैल करायचे, कारण सुती दोर भिजला की आखडतो आणि मेख उपटून काढतो. आणि पाऊस चालू असताना आतून कापडाला हात लावायचा नाही. जिथं लावाल तिथून गळायला लागतं. मुली हे पाढ्यासारखं म्हणायच्या.

जागा मिळाली अंतरवाली सराटीला, आमच्याच एका मुलीच्या, सखूच्या वडिलांच्या रानात. विहीर होती, बांधावर कडुलिंब होते, आणि विहिरीपासून अंतरावर मुरमाचं एक टेकाड होतं. बाई पायाने जमीन उकरत सगळीकडे फिरल्या आणि टेकाडावर जाऊन थांबल्या. मला म्हणाल्या, "खरं तर मोठे तंबू इथं पायजेत. मुरमात मेख धरती. खाली काळी माती हाय, भिजली की सोडून देती."

"मग इथंच ठोकू," मी म्हटलं.

"आन् राहुटी? विहिरीपाशी, चुलीपाशी? तिथं कशी चालंल?"

जागा दोन्हीला पुरेशी नव्हती. वेगळं बसणाऱ्या मुली पाण्यापासून, चुलीपासून, वाटेपासून दूर हव्यात. म्हणजे टेकाड राहुटीलाच द्यावं लागणार होतं. मग मोठे तंबू विहिरीजवळ काळ्या मातीत उभे राहिले आणि राहुटी टेकाडावर. फाल्गुन चालला होता, आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिला दिवस छान गेला. राहुटीत कमला एकटीच होती. तिला खरोखरच अडचण आली होती. दुसऱ्या दिवशी पाणी भरायची, भाकरी थापायची पाळी लागली, तेव्हा आणखी दोघींना अडचण आली आणि त्या वळकट्या घेऊन टेकाडावर गेल्या. दुपारी भांडी घासायच्या वेळेला तिसरी निघाली. बाईंनी तिला अडवलं. "तुझी मागल्या आठवड्यात झाली. मी शाळेत असते, मला म्हाईत न्हाई व्हय?" ती परत फिरली आणि राखेचा गोळा घेऊन बसली. मी हसू दाबत होते. बाई पण दाबत होत्या, पण त्यांनी ते मला दिसू दिलं नाही.

दिवस कलायला लागला आणि गोदावरीकडून आभाळ काळं होऊन आलं. वारा आधी आला, पाणी मागून, आणि त्याच्याबरोबर गारा. मुली दोर सैल करायला धावल्या, शिकवलं होतं तसंच, पण दोन दोर सोडेपर्यंत बाकीचे भिजून आखडले. काळ्या मातीतून मेखा एकामागून एक निघाल्या. पहिला मोठा तंबू आडवा झाला, दुसरा खांबासकट बांधावर जाऊन पडला. लिंबाखाली जावं तर फांद्या मोडत होत्या. गारा डोक्यावर लागत होत्या, लहान मुली रडत होत्या, सखूच्या कपाळातून रक्त येत होतं. गाव लांब होतं. उभी होती ती फक्त टेकाडावरची राहुटी. बाई "वर चला" म्हणाल्या आणि आम्ही सगळ्या चिखलातून वर पळालो.

राहुटीच्या दारापाशी मुली थांबल्या. इतक्या गारांत, भिजून थरथरत, पण थांबल्या. कुणी आत पाऊल टाकेना. मीही थांबले, हे लिहायला हवं. तेवढ्यात आतून कमला उठली. तिने त्या दोघींना उठवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बाई, आम्ही बाहेर येतो. तुम्ही सगळ्या आत या." आणि ती निघालीच... गारा अंगावर घ्यायला, अगदी शांतपणे, जणू पाहुणे आले म्हणून खोली रिकामी करून द्यायची आहे. बाईंचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. आयुष्यभर पाळलेलं सगळं त्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी कमलाचा दंड धरला, तिला मागे ढकललं, "बस खाली" म्हणाल्या आणि स्वतः वाकून आत शिरून तिला खेटून बसल्या. सखूला मांडीवर घेतलं. त्यानंतर कुणाला बोलवावं लागलं नाही. सगळ्या आत घुसलो, एकीच्या अंगावर दुसरी. बाई मधूनमधून बजावत होत्या, "कापडाला हात लावू नगा गं." मुरमातली एकही मेख हलली नाही.

सकाळी सखूच्या वडिलांनी बैलगाड्या आणल्या. वाटेत मुलींनी आपसात ठरवून टाकलं की हे घरी कुणी सांगायचं नाही. सखूने शपथा घेतल्या. कमला नुसती बाईंकडे बघत होती. तिला सगळ्यांहून जास्त माहीत होतं की या गोष्टीवर तिची शाळा टांगलेली आहे. मीही बाईंना म्हटलं, "तुम्ही फक्त गप्प राहा. तुम्हाला कुणी विचारणारसुद्धा नाही." बाई म्हणाल्या, "विचारलं न्हाई तरी शब्द मी दिल्ता."

आणि त्या जालन्याला उतरल्यावर आधी कमलाच्या घरी गेल्या. ओसरीवर उभ्या राहून सगळं सांगितलं. शब्द मोडला, असं म्हणाल्या. का मोडला ते सांगितलं, माफी मात्र मागितली नाही. दादीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन् तू? तू बी शिवलीस?"

"मी तिला धरून बसल्ते."

"मंग न्हालीस?"

"सकाळी. रोजच्यासारखी."

दादी उठून आत गेली. कमलाची शाळा त्या दिवशी बंद झाली.

मी बाईंवर इतकी चिडले की पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलले. मला ते अजूनही पटत नाही. त्या दिवशी खोटं बोलायला हवं होतं, एका मुलीच्या शाळेपुढे खरं-खोटं काय घेऊन बसायचं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं आणि आज त्या असत्या तर पुन्हा म्हटलं असतं. बाई मात्र रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर कमलाच्या घरी जायला लागल्या. बोलावलं कुणी नव्हतं, परवानगी कुणी दिली नव्हती. ओसरीवर बसायच्या आणि तिला शिकवायच्या. गणितापुरतं मलाही ओढून नेऊ लागल्या, तेव्हा आमचा अबोला सुटला. एका संध्याकाळी दादीने दारातच सांगितलं, "आज छोरी मागल्या खोलीत हाय. कल आना." बाई सरळ मागल्या खोलीत गेल्या, जिथं घरातल्या बायका ते दिवस काढायच्या, आणि कमलाच्या सतरंजीवर बसून पुस्तक उघडलं. मी उंबऱ्यावरून बघत होते, दादीही बघत होती. दादीने ना अडवलं, ना पाणी विचारलं. पुढे प्रत्येक महिन्याला तसंच चाललं. स्वतःच्या घरी आणि शाळेत मात्र बाईंनी आपलं सोवळं शेवटपर्यंत सोडलं नाही. त्यांना त्यात विसंगती वाटत नसावी, मी कधी विचारलं नाही. कमला बाहेरून मॅट्रिकला बसली, चांगली पास झाली आणि लग्न होऊन परभणीला गेली. मग तिच्या धाकट्या बहिणीची, पुष्पाची, शिकवणी सुरू झाली. ती शाळेत जात होती, दादीनेच घातली होती. तरी बाईंची संध्याकाळची फेरी चुकत नव्हती.

बाई गेल्यानंतरच्या आठवड्यात दादीचा निरोप आला, जालन्याला आलीस तर घरी ये. मी गेले. दादी आता फार थकलीय, भिंतीला धरून चालते. ती मला मागल्या खोलीकडे घेऊन गेली. पुष्पा आत सतरंजीवर पुस्तक घेऊन बसली होती. आम्हाला बघून तिने परकर आवरला आणि कोपऱ्याला सरकली, तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि पाय आपोआप उंबऱ्याशी थांबले. दादी थांबली नाही. भिंत धरत आत गेली, नातीच्या शेजारी त्याच सतरंजीवर सावकाश बसली आणि तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"मला अक्षर येत न्हाई," दादी मला म्हणाली. "पर बाई बैठत होती. आता कुणी तरी बैठलं पायजे."

मग ती थोडी सरकली आणि शेजारची जागा तिने तळहाताने झटकली. मी आत जाऊन बसले. पुष्पाने धडा पहिल्यापासून वाचायला घेतला.