वरचा दात आणि नजर

आश्विनातली दुपार आमच्या शिरपुरात कुटाराच्या वासाने भरून येते. मळणीयंत्रातून उडालेला सोयाबीनचा भुसा उन्हात सोनेरी होऊन तरंगत राहतो, माझ्या दातांच्या दवाखान्याच्या काचेवर बसतो, लवंगतेलाच्या उग्र गंधातही कुठून तरी शिरतो. आणि अशाच एका दुपारी दारात उभी राहिलेली शेवंताबाई आठवली की माझ्या मनात आजही गोंधळ उडतो.

शेवंताबाई निंदण-सोंगणीला जाणारी, एकटी राहणारी बाई. दात वाचवायचा तर दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, आणि ऐन कामाच्या दिवसांत खेप परवडते कुणाला? म्हणून खालचे दात तिने शेंगा तोडाव्यात तितक्या सहज एकेक करून माझ्याकडून काढून घेतले होते. वरचा सुळा मात्र ती काढू देईना. गाल फुगला होता, सूज डोळ्याखाली चढली होती. मी आधी दिलेल्या गोळ्यांनी ती किंचित उतरली होती, एवढंच.

"वरचा दात काढला का नजर जाते," ती म्हणाली.

अगं बाई! हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मी तावातावाने सांगू लागले, दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. उलट हा पू असाच चढत राहिला तर डोळाच धोक्यात येईल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माह्या बहिनीनं काढला. आठ दिवसांत तिचा डोया गेला. मी पाह्यलं ना."

तिने पाहिलं होतं, हेही खरंच होतं. ती बहीणही अशीच असणार, दाढेखाली लवंग नाहीतर तंबाखूची चिमूट दाबून सुगीभर दुखणं अंगावर काढणारी. दात निघाला तेव्हा पू बहुधा आधीच डोळ्यापर्यंत पोचला असावा. पण गावाला दिसलं ते एवढंच की आधी दात गेला आणि मग डोळा. ज्यांच्या वाट्याला दवाखाना अगदी शेवटच्या घटकेलाच येतो, त्यांचा अनुभव त्यांना दुसरं काय शिकवणार? मग याला अज्ञान म्हणायचं तरी कुणाचं, तिचं की माझं?

"तुमच्या मायचा काढला असन ना वरचा दात?" तिने मोठ्या आशेने विचारलं. "तिले दिसते काय?"

हो म्हणावं असं ओठांवर आलं आणि मी थांबले. माझ्या आईचे सगळे दात शाबूत आहेत. कापडाच्या दुकानावर चालणाऱ्या आमच्या घरात कुणाची दाढ नुसती शिवशिवली तरी लगेच वाशीमला नेऊन दाखवून आणत. शेवंताबाईला दिलासा द्यायला आमच्याकडे गेलेला असा एकही दात नव्हता. त्या शाबूत दातांची मला पहिल्यांदाच लाज वाटली, आणि लाज का वाटावी हेही उमगेना.

"नाही हो, कधी काढावाच लागला नाही," मी म्हणाले.

"मंग तुमाले तरी काय मालूम?" सुजल्या गालाने जमेल तेवढं ती हसली. "दात नसले त भाकर कुस्करून खाईन. डोये नसले त निंदाले कोन बलावन मले?"

मग ठणका पुन्हा उठला असावा. कपाळ दाबत ती आपणहून खुर्चीत रेलली.

"काढ बाई. पन आंधयी झाली त तुह्याच घरी येईन जेवाले."

सुळा निघाला. कापसाचा बोळा दाबून धरून ती डोळे घट्ट मिटून पडून राहिली. "उघडा आता," मी म्हटलं, पुन्हा म्हटलं, तरी उघडेना. शरीररचनेची सगळी पानं मला तोंडपाठ होती. तरीही त्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहत मी, दातांची डॉक्टर, मनातल्या मनात आम्हा जैनांचा णमोकार मंत्र म्हणत होते.