वर्दीत मराठी नाही

निपाणीचा तो ड्रायव्हर आमच्या बेळगुंदीच्या घरी आला तेव्हा मी अंगणात रताळ्याचे वेल सोडवत बसलो होतो. कुबडीचा आवाज आधी आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

"वळखलं न्हाय व्हय अण्णा? तुमच्या बराकीतला."

ओळखलं होतं. म्हणूनच उठायला वेळ लागला.

मी तुरुंगात शिपाई आहे. तेव्हा कन्नड मुलखातल्या दूरच्या एका जिल्ह्यात होतो. त्या तुरुंगाचं नाव इथं लिहीत नाही. तिथं मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी गजांच्या बाहेर आणि हा आत. धाब्यावरच्या मारामारीत सापडलेला कच्चा कैदी, खटला अजून उभाही राहिला नव्हता. तो आला त्या दिवसापासून सोबतचे मला चिडवायचे, "काय, महाराष्ट्र भेटायला आलाय वाटतं! डब्यात काय आणलंय तुला?" हसून सोडून द्यायची गोष्ट. पण आम्हा सीमेवरच्या लोकांना ती सोडता येत नाही. दोन्हीकडं आम्ही संशयाचेच. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला होता, वर्दीत मराठी बोलायचं नाही. हा आपल्या माणसाला सांभाळतो, असं कुणी म्हणायला नको.

संध्याकाळच्या मोजणीला कैदी जोडीजोडीनं उकिडवे बसतात आणि शिपाई प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत पुढं जातो. एकदा त्याचा खांदा तव्यासारखा तापलेला लागला. मारामारीत झालेली पायाची जखम चिघळली होती. मान खाली घालूनच तो म्हणाला, "अण्णा, पाय जळतोय. डॉक्टरला सांगा की."

मी म्हणालो, "कन्नडदल्लि हेळु." कन्नडमध्ये सांग.

कन्नड त्याला येत होतं. त्याच रस्त्यांवर त्यानं ट्रक चालवला होता. पण तापात ते त्याला सुचेना. त्यानं पुन्हा तेच मराठीत सांगितलं. माझ्यामागं सोबतचा शिपाई उभा होता. मी पुढच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळीही तसंच झालं. मग तो बोलायचा थांबला. शेजारचा त्याला धरून बसवायचा आणि मोजणी बरोबर यायची. दवाखान्यात नेलं तेव्हा पाय वाचण्यासारखा राहिला नव्हता.

सुटल्यावर त्यानं तुरुंगाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. कैद्यालाही उपचाराचा हक्क आहे, तो मला नाकारला, असं त्याचं म्हणणं. अधिकाऱ्यांचं उत्तर एवढंच, की त्यानं कधी तक्रारच केली नाही.

बायकोनं चहा आणला. तो म्हणाला, "वहिनी, चप्पल घ्यायला गेलतो. दुकानदार म्हणतोय जोडीच घ्यावी लागंल. म्हटलं, उजवी तूच घाल की रं."

ती हसली आणि लगेच तिनं पदर तोंडाला लावला. मग तो माझ्याकडं वळला.

"वकील म्हणत होता, तुमचंबी नाव दाव्यात घालूया. मी म्हटलं, न्हाय, आपला माणूस हाय. मी तुम्हाला सांगितल्यालं ध्यानात हाय. तुम्ही काय म्हटला ते तापात कळलं न्हाय. पर तुम्ही वर सांगितलंच असणार. त्यांनी दाबलं. तेवढं कोर्टात येऊन सांगा."

मी होकाराची मान हलवली. तो गेल्यावर बायकोनं विचारलं, "सांगितलं होतं न्हवं तुम्ही?"

मी वेलाची गाठ सोडवत राहिलो.

साक्षीची तारीख लागेपर्यंत मला कुठं बरं वाटलं नाही. गावच्या पंगतीत वाढायला वाकलो की बसलेल्यांच्या खांद्यांकडं हात जायचा. कुणाचा उन्हातून आलेला खांदा गरम लागला की आमटीची बादली दुसऱ्याच्या हातात देऊन मी बाहेर यायचो. हात धुतला तरी ती धग तळव्यातून जात नव्हती. अजूनही जात नाही.

"मी जेलरना सांगितलं होतं," एवढं वाक्य पुरलं असतं. त्यात त्याचा फायदा होता. विहिरीवर एकटा असताना मी ते मोठ्यानं म्हणूनही बघितलं. पण ते म्हणताना मी त्याचा आपला माणूस होत होतो, आणि त्याला मात्र मी माझा आपला माणूस होऊ दिलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी त्याला बघून न बघितल्यासारखं केलं का, मला ठाऊक नाही. मी केलं, एवढं ठाऊक आहे.

कोर्टात मी वर्दीत उभा राहिलो. अधिकाऱ्यांच्या वकिलांनी कन्नडमध्ये विचारलं, यानं तुमच्याकडं कधी तक्रार केली होती का?

"केली होती."

बाकावर बसलेल्या ड्रायव्हरनं जोरात मान डोलावली. न्यायाधीश म्हणाले, त्याच्याच शब्दांत सांगा.

"अण्णा, पाय जळतोय. डॉक्टरला सांगा की." वर्दीत मी पहिल्यांदा मराठी बोललो.

"मग तुम्ही काय केलंत?" वकिलांनी विचारलं.

मी त्याला काय म्हणालो ते सांगितलं. वर कुणालाही कळवलं नाही, तेही सांगितलं. सोबतचे काय म्हणतील या भीतीनं कळवलं नाही, तेही. तक्रार अधिकाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून त्यांचे वकील समाधानानं खाली बसले. बाकाकडं मी बऱ्याच वेळानं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता, मोजणीला बसायचा तसा.

बाहेर पायऱ्यांवर त्याची कुबडी अडखळली. मी हात पुढं केला.

"बेड री," तो कन्नडमध्ये म्हणाला. नको. आणि एकेक पायरी उतरत गेला.

पुढच्या तारखेला त्याच्या वकिलानं दाव्यात माझंही नाव घालायचा अर्ज दिला. या वेळी त्यानं वकिलाला अडवलं नाही.